काउंट आले, प्रतिकारशक्ती अजून यायची आहे

बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या घरात एक शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो: काउंट. ‘काउंट शून्यावर गेलेत’, ‘आज दोनशे आले’, ‘काउंट आले, आता सोडतील.’ ज्यांनी आयुष्यात कधी रक्ताचा रिपोर्ट वाचला नव्हता, ते आईवडील वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा आकडा पाठ करतात. सलग तीन दिवस हा आकडा पाचशेच्या वर राहिला की डॉक्टर सांगतात, मॅरो लागला. पुढे काही आठवडे रुग्णालयाजवळ भाड्याच्या खोलीत किंवा धर्मशाळेत काढायचे आणि मग परतीची महालक्ष्मी एक्स्प्रेस किंवा गाडी धरायची. कोल्हापुरात उतरेपर्यंत डोक्यावर बारीक केस आलेले असतात, तोंडाला चव आलेली असते. घरच्यांना वाटते, सुटलो.

खरी काळजी घ्यायचा काळ इथून पुढे सुरू होतो, हे सांगण्यासाठीच हा लेख. न्यूट्रोफिल परत येणे ही प्रतिकारशक्ती परतण्याची फक्त सुरुवात आहे. पूर्ण प्रतिकारशक्ती यायला दात्याकडून घेतलेल्या ट्रान्सप्लांटमध्ये साधारण वर्ष ते दोन वर्षे लागतात, काहींना त्याहून जास्त. वॉर्डात गाळून जंतुमुक्त केलेली हवा होती, मास्क लावलेल्या नर्स होत्या, रोज रक्त तपासले जात होते. घरी यातले काहीच नाही.

भारतातला पहिला यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केला. रुग्ण होती रक्ताचा कर्करोग झालेली नऊ वर्षांची मुलगी आणि दाता तिचा भाऊ. आता टाटाचे हे काम खारघरच्या ॲक्ट्रेक या केंद्रात चालते. मुंबईतल्या आणि पुण्यातल्या इतर रुग्णालयांतही ट्रान्सप्लांट होतात, बोरिवलीत महापालिकेचे थॅलेसेमियाच्या मुलांसाठीचे केंद्र आहे. कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज, कागल या भागातली अनेक कुटुंबे तिकडे जाऊन येतात. म्हणजे ज्यांनी ट्रान्सप्लांट केला ते डॉक्टर दोनशे ते चारशे किलोमीटर दूर आणि रुग्ण इथे. खाली जे सांगितले आहे ते हे अंतर लक्षात घेऊन. तुमच्या केंद्राने हातात दिलेल्या सूचना वेगळ्या असतील तर त्याच पाळायच्या.

आधी शरीरात काय घडते ते समजून घेऊ, कारण ते कळले की पथ्ये पाठ करावी लागत नाहीत.

ट्रान्सप्लांटच्या आधी जोरदार केमोथेरपी किंवा किरणोपचार देऊन जुना मॅरो रिकामा करतात. त्याच्याबरोबर आयुष्यभर साठवलेली जंतूंची ओळखही जाते. लहानपणी टोचलेल्या लसी, येऊन गेलेला गोवर, कांजिण्या, या सगळ्याची शरीराला असलेली आठवण हळूहळू पुसली जाते. नव्या मूळपेशी शिरेतून दिल्या जातात, त्या आपल्या आपण हाडांत जाऊन बसतात आणि कामाला लागतात. न्यूट्रोफिल दोन ते चार आठवड्यांत दिसू लागतात. लिम्फोसाइट म्हणजे जंतू ओळखून लक्षात ठेवणाऱ्या पेशी मात्र सावकाश येतात. त्यांतल्या नैसर्गिक मारक पेशी पहिल्या महिन्या-दीड महिन्यात येतात. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी पेशींची संख्या सावरायला सहा महिने ते वर्ष लागते आणि संख्या आली तरी चांगली प्रतिपिंडे तयार व्हायला आणखी वेळ जातो. सगळ्यात उशीर लागतो तो टी पेशींना, त्यातही सीडी-४ या गटाला.

त्याला कारण आहे. टी पेशी तयार होतात मॅरोत, पण शिकतात थायमसमध्ये. छातीच्या मधल्या हाडामागे असलेली ही छोटी ग्रंथी लहानपणी मोठी असते आणि वयाबरोबर आक्रसत जाते. म्हणून आठ वर्षांच्या मुलाची प्रतिकारशक्ती पन्नाशीच्या माणसापेक्षा लवकर सावरते. मोठ्या माणसात सुरुवातीचे कित्येक महिने दात्याकडून आलेल्या जुन्या टी पेशींवरच काम चालते. कोऱ्या, नवे जंतू ओळखायला शिकलेल्या पेशी वर्षभरानंतर हळूहळू वाढतात.

म्हणजे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात रिपोर्टवर पांढऱ्या पेशी पाच हजार दिसल्या, तरी त्या पेशी नवशिक्या असतात. आकडा बघून निर्धास्त होणे हीच इथली सगळ्यात मोठी चूक.

कोणाचा ट्रान्सप्लांट कोणत्या प्रकारचा, यावर मुदत अवलंबून असते. मायलोमा किंवा लिम्फोमासाठी रुग्णाच्याच पेशी साठवून परत दिल्या असतील तर सावरणे बरेच लवकर होते. अनेकजण तीन ते सहा महिन्यांत कामावर जातात. सख्ख्या भावा-बहिणीच्या पूर्ण जुळणाऱ्या पेशी असतील तर त्याहून वेळ. आई किंवा वडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशी वापरल्या असतील, किंवा टी पेशी दाबणारी औषधे दिली असतील, तर आणखी वेळ. आणि जीव्हीएचडी झाला, म्हणजे दात्याच्या पेशी रुग्णाच्याच कातडीवर, आतड्यावर, यकृतावर उलटल्या, तर घड्याळ पुन्हा मागे जाते, कारण तो आवरायला स्टिरॉइड द्यावे लागते आणि स्टिरॉइड प्रतिकारशक्ती दाबते. शेजारच्या गल्लीतला मुलगा आठव्या महिन्यात शाळेत गेला म्हणून आपलाही जाईल, असे गणित इथे चालत नाही.

ताप आला तर

सगळा लेख विसरलात तरी हा भाग विसरू नका. अंगात १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप ही तातडीची स्थिती आहे. ‘क्रोसिन घेऊ, घाम येईल, सकाळी बघू’ हे घरातल्या इतरांसाठी ठीक. ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाच्या रक्तात जंतू शिरले असतील तर सकाळपर्यंत रक्तदाब कोसळू शकतो. तापाची गोळी घेतली की ताप उतरतो आणि सगळ्यांची फसगत होते. म्हणून आधी थर्मामीटर, मग केंद्राला फोन, मग रुग्णालय. गोळी डॉक्टर सांगतील तेव्हाच. शिरेत बसवलेली नळी, हिकमन किंवा पिक लाइन, अजून असेल आणि औषध सोडल्यावर थंडी वाजून आली, तर ताप दिसायची वाट बघायची नाही. स्टिरॉइड चालू असेल तर गंभीर संसर्गातही ताप येईलच असे नाही. गळून जाणे, थंडी वाजणे, धाप लागणे, असंबद्ध बोलणे हीच खूण समजायची.

आणि कोल्हापूरकरांसाठी महत्त्वाचे: ताप आला म्हणून थेट गाडी काढून पुण्याला निघू नका. चार-पाच तास हायवेवर जातात, घाटात ट्रक अडकला तर जास्त. अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून शक्यतो तासाभरात मिळायला हवा आणि तो कोल्हापुरातच मिळायला हवा. त्याआधी रक्ताचा कल्चरचा नमुना घेतला जातो. मग रुग्ण स्थिर असेल तर पुढे हलवायचे की नाही ते इथले आणि तिथले डॉक्टर बोलून ठरवतील.

हे रात्री दोन वाजता जमण्यासाठी तयारी आधी करावी लागते. घरी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात, रुग्ण बरा असतानाच, रात्री दाखल करून घेणारे रुग्णालय ठरवून ठेवा. सीपीआरसारखे सरकारी रुग्णालय असो की खासगी, तिथल्या फिजिशियनना किंवा बालरोगतज्ज्ञांना एकदा भेटून फाइल दाखवा. ट्रान्सप्लांट केंद्राकडून एका पानाचे पत्र मागून घ्या आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून दाराजवळ लटकवा. त्यात ट्रान्सप्लांटची तारीख आणि प्रकार, दाता कोण, सध्याची औषधे, अ‍ॅलर्जी, ताप आल्यास कोणते अँटिबायोटिक सुरू करायचे आणि चोवीस तास उचलला जाणारा फोन नंबर असावा. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने यापूर्वी असा रुग्ण पाहिलेला नसेल. त्या बिचाऱ्याला फाइलीची दीडशे पाने चाळायला लावू नका.

त्याच पत्रात रक्तगटाबद्दल लिहून घ्या. दात्याचा रक्तगट वेगळा असेल तर काही महिन्यांत रुग्णाचा रक्तगट बदलून दात्याचा होतो. बी पॉझिटिव्ह माणूस ओ पॉझिटिव्ह होतो आणि आधार कार्डाशेजारी ठेवलेले जुने रक्तगटाचे कार्ड निरुपयोगी ठरते, नव्हे धोक्याचे ठरते. रक्त किंवा प्लेटलेट चढवायची वेळ आली तर पिशवी किरणोपचार केलेली, म्हणजे इरॅडिएटेड हवी. साध्या रक्तातल्या जिवंत लिम्फोसाइट या रुग्णाच्या शरीरावर हल्ला करू शकतात. जवळच्या नातेवाइकाच्या रक्तात हा धोका सर्वांत जास्त, म्हणून ‘माझेच रक्त द्या’ म्हणणाऱ्या काकांना प्रेमाने थांबवा. काकांनी रक्तपेढीत जाऊन दुसऱ्या कोणासाठी द्यावे, त्याची कुठेतरी गरज असतेच.

दूध कट्टा, मिसळ आणि पाणी

गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिणे हा कोल्हापूरच्या तब्येतीचा अभिमान आहे. आजारातून उठलेल्या माणसाला ताकद यावी म्हणून कोणीतरी मायेने तो पेला घेऊन येणारच. नको म्हणा. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेला, लिस्टेरिया, साल्मोनेला, क्षयाचे जंतूही येऊ शकतात. आखाड्यातल्या पैलवानाला ते पचते, कारण त्याची प्रतिकारशक्ती शाबूत आहे. दूध उकळी येऊन गेलेलेच घ्यायचे. पंचामृतात कच्चे दूध असते, तेही टाळायचे; नुसते हात जोडले तरी देव रागावत नाही.

पाण्याबद्दल या जिल्ह्याला वेगळे सांगायची गरज नसावी. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ई म्हणजे काविळीची मोठी साथ आली होती. धडधाकट माणसाला ही कावीळ काही आठवड्यांत सोडते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असलेल्या माणसात मात्र या विषाणूचे काही प्रकार महिनोन्‌महिने यकृतात मुक्काम करू शकतात. शिवाय कावीळ दिसली की ती जीव्हीएचडीची, औषधाची की विषाणूची हे शोधण्यात वेळ जातो. कोल्हापुरात काळम्मावाडीचे पाणी येवो की बोअरचे, पिण्याचे आणि दात घासण्याचे पाणी खळखळून उकळलेलेच हवे. नुसत्या फिल्टरच्या भरवशावर राहू नका. त्याच्या कँडल कोणी कधी बदलल्या ते आठवून बघा. उसाचा रस, बर्फाचा गोळा, सोडा-सरबताच्या गाड्या पहिले वर्षभर बंद.

खाण्यापिण्याच्या बाबतीत केंद्राकेंद्रांत मतभेद आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पूर्वी कच्चे फळसुद्धा वर्ज्य असे. इटलीतल्या रुग्णालयांनी केलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, न्यूट्रोफिल कमी असतानाच्या काळातही फार कडक पथ्य पाळणाऱ्यांना संसर्ग कमी झाला असे दिसले नाही. याचा अर्थ भेळेच्या गाडीवर जायला मोकळीक मिळाली असा नाही. तिथली फळे स्वच्छ पाण्याने धुतलेली होती. माझे मत विचाराल तर रुग्णाला उपाशी ठेवणारे पथ्य वाईटच. केळे, संत्रे, डाळिंब अशी सालीची फळे उकळलेल्या पाण्याने धुऊन, घरी सोलून लगेच द्यावीत. कोशिंबीर, कच्चा कांदा, वरून भुरभुरलेली कोथिंबीर मात्र केंद्र हो म्हणेपर्यंत टाळावी.

तांबडा-पांढरा रस्सा घरचा, उकळता, मटण हाडापर्यंत शिजलेले असेल तर खुशाल द्या. पोटाला सोसेल इतके तिखट ठेवा, विशेषतः आतड्याचा जीव्हीएचडी होऊन गेला असेल तर बेतानेच. प्रश्न मसाल्याचा आहे. उन्हाळ्यात डंकावरून कुटून आणलेल्या चटणीत बुरशीचे बीजाणू असू शकतात. ती फोडणीत पडून शिजली की धोका जातो, ताटात कोरडी वाढली की राहतो. तेव्हा कांदा-लसूण चटणी रश्श्यात घाला, भाकरीवर नको. मिसळही याच न्यायाने: कट घरचा आणि गरम असेल तर चालेल, हॉटेलातला वरचा कच्चा कांदा आणि उघड्यावरचे फरसाण नको. दह्या-ताकाबद्दल केंद्राला विचारा. काहीजण पहिले काही महिने नको म्हणतात. रात्रीचे उरलेले सकाळी गरम करून देऊ नका. आपल्याकडे अन्न टाकवत नाही, ते घरातल्या दुसऱ्याने खावे.

बुरशी, गोठा आणि सत्यनारायण

डोळ्यांना न दिसणारा शत्रू म्हणून सगळे विषाणूंना घाबरतात. या रुग्णांच्या बाबतीत बुरशीची तितकीच भीती बाळगायला हवी. ॲस्परजिलस नावाची बुरशी कुजणाऱ्या पालापाचोळ्यात, ओल्या भिंतीत, धान्यात, शेणखतात, बांधकामाच्या धुळीत सगळीकडे असते. आपण रोज तिचे बीजाणू श्वासातून घेतो आणि काही होत नाही. यांच्या फुप्फुसात ती रुजते आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. राधानगरी, गगनबावडा, आजरा या पट्ट्यात पावसाळ्यात भिंतींना ओल येऊन काळे डाग पडतात. ज्या खोलीला ओल येते तिथे रुग्णाला झोपवू नका. रुग्ण येणार म्हणून घर रंगवायचे, फरशी बदलायची असेल तर तो परतण्याआधी उरकून घ्या, नाहीतर वर्षभर थांबा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरले होते त्यांनी पावसाळ्याच्या सुरुवातीलाच रुग्णाला उंचावरच्या नातेवाइकाकडे हलवावे. पूर ओसरल्यावर चिखल काढायच्या कामाजवळ त्याने फिरकायचे नाही. लेप्टोस्पायराचे जंतू पाण्यात असतात, बुरशी चिखलात.

शेतकरी घरात यापेक्षा अवघड प्रश्न असतो. गोठा घराला लागून, वैरण ओसरीत, उकिरडा परड्यात. गोठा तर हलवता येत नाही. मग रुग्णाची खोली गोठ्यापासून लांबच्या बाजूला, खिडकीला बारीक जाळी, वैरण-कडब्याची काढघाल त्याच्यासमोर नाही, धार काढणे आणि शेण काढणे दुसऱ्याने. गुऱ्हाळावर जाणे, चिपाडाच्या ढिगाशेजारी बसणे टाळायचे. वाळलेल्या चिपाडाची धूळ निरोगी फुप्फुसालाही सोसत नाही. पैलवान असाल तर तालमीच्या मातीत उतरायचा दिवस डॉक्टरच ठरवतील.

आता नवसाचे. माणूस मरणाच्या दारातून परत आला की घरच्यांना देवाकडे जावेसे वाटते, यात चूक काही नाही. पण जोतिबाच्या गुलालात, आदमापूरच्या भंडाऱ्यात, नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत पहिले वर्षभर रुग्णाने जायचे नाही. धूळ, धूर, गर्दी आणि शिंकणारी माणसे एकाच ठिकाणी. नृसिंहवाडीला नदीत स्नान तर अजिबात नको. घरच्यांनी जाऊन नवस फेडावा, रुग्णाने पुढच्या वर्षी जावे. घरी परतल्याबरोबर सत्यनारायण घालून दीडशे माणसे जेवायला बोलावणारी घरे आहेत. त्या दिवशी प्रत्येकजण रुग्णाच्या गालावरून हात फिरवतो. पूजा घालायचीच असेल तर मोजक्या माणसांत, रुग्ण वेगळ्या खोलीत, होमाचा धूर नाही.

भेटायला येणाऱ्यांसाठी दोन ओळी, त्यांनीच वाचाव्यात म्हणून. फोन करून जा. सर्दी, खोकला, जुलाब, डोळे आलेले असतील, घरात कोणाला कांजिण्या असतील तर जाऊ नका, वाईट वाटून घेऊ नका. हात धुवा, लांब बसा, लवकर उठा. पेढे देण्यापेक्षा खारघरच्या फेऱ्यांसाठी प्रवासखर्च दिलात तर जास्त उपयोग होईल.

‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ औषधे

यावर मला थोडे जास्त बोलायचे आहे. कोविडनंतर घराघरांत काढे, गुळवेल, अश्वगंधा, ‘इम्युनिटी’ छापलेल्या बाटल्या आल्या. ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाला तर प्रत्येक पाहुणा एक बाटली आणून देतो. दात्याच्या पेशी घेतलेल्या रुग्णात डॉक्टर टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन देऊन नवी प्रतिकारशक्ती मुद्दाम आवरून धरत असतात, जेणेकरून ती रुग्णावर उलटू नये. त्याच वेळी तिला चेतवणारे काही देणे म्हणजे जीव्हीएचडीला निमंत्रण ठरू शकते. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद तज्ज्ञांनी खेळावा. आपल्या रुग्णावर त्याचा निकाल लावायचा नाही, एवढे पुरे. ही प्रतिकारशक्ती ढोसून वाढत नाही. तिला वेळ, झोप, अन्न आणि वेळच्या वेळी औषधे लागतात.

औषधांच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी घरात कोणाला तरी पक्क्या माहीत हव्यात. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त देण्याआधी घ्यायची नाही, बरोबर घेऊन जायची. पपनस आणि ग्रेपफ्रूट वर्ज्य, त्यांनी ही पातळी वाढते. औषधाची कंपनी परस्पर बदलायची नाही. इथल्या डॉक्टरांनी कोणतेही नवे औषध लिहिले तर केंद्राला फोटो पाठवून विचारायचे: काही अँटिबायोटिक आणि बुरशीवरची औषधे ही पातळी एकदम चढवतात, क्षयावरचे रिफॅम्पिसिन ती पाडते. अ‍ॅसायक्लोव्हिर आणि सेप्ट्रानसारख्या गोळ्या बरे वाटू लागले म्हणून बंद होतात, आणि मग न्यूमोनिया किंवा नागीण येते.

नागिणीसाठी आपल्याकडे अजून मंत्र टाकणारे, गेरू लावणारे सापडतात. या रुग्णाला कमरेभोवती किंवा चेहऱ्यावर एका बाजूला आग होऊन पुरळ उठले तर त्याच दिवशी डॉक्टर. उशीर झाला तर ती अंगभर, अगदी फुप्फुसातही पसरते. कांजिण्या झालेल्या मुलाशी संपर्क आला तर पुरळाची वाट न बघता लगेच कळवा. दोन आठवडे किंवा जास्त खोकला असलेल्या माणसापासून लांब ठेवा आणि त्या माणसाला थुंकी तपासायला पाठवा. उन्हात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि टोपी घाला, कारण ऊन लागून कातडीचा जीव्हीएचडी उफाळतो. तोंड कोरडे पडणे, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटणे, कातडी ताठरणे ही दुखणी किरकोळ समजून पुढच्या फेरीपर्यंत थांबू नका.

लसी पुन्हा पहिल्यापासून

जुनी आठवण पुसली गेली आहे, म्हणून लसीकरण तान्ह्या बाळासारखे नव्याने करायचे, रुग्ण साठ वर्षांचा असला तरी. न्यूमोकोकल लस साधारण तीन ते सहा महिन्यांनी सुरू होते. धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला, हिब, हिपॅटायटिस बी, टोचून देण्याची पोलिओ लस बहुधा सहा महिन्यांनंतर. फ्लूची लस दरवर्षी. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, तेव्हा ती जून उजाडण्याआधी घेतलेली बरी. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या जिवंत लसी दोन वर्षांआधी नाहीत, आणि तेव्हाही जीव्हीएचडी नसेल व प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वर्षभर बंद असतील तरच. बीसीजी आणि पोलिओचे थेंब रुग्णाला द्यायचे नाहीत. सरकारी कार्यक्रमातली न्यूमोकोकल लस बाळांसाठी आहे, मोठ्यांना ती विकत घ्यावी लागते, म्हणून ट्रान्सप्लांटच्या खर्चाचा हिशेब करतानाच लसींचे आणि दोन वर्षांच्या फेऱ्यांचे पैसे धरून चाला.

घरातल्या इतरांनी फ्लूची लस घ्यावी, पोरांच्या लसी पूर्ण असाव्यात. रुग्णाभोवतीची माणसे आजारी पडली नाहीत तर तोही पडण्याची शक्यता कमी होते. अडचण येते ती पोलिओच्या थेंबांची. थेंब घेतलेल्या बाळाच्या विष्ठेतून तो जिवंत विषाणू काही आठवडे बाहेर पडतो. घरात तान्हे बाळ असेल तर थेंब चुकवण्याचा निर्णय परस्पर घेऊ नका आणि परस्पर देऊही नका. बाळाचे डॉक्टर आणि ट्रान्सप्लांट केंद्र यांना आधी विचारा. टोचायच्या लसीचा पर्याय आहे. रोटाव्हायरसचे थेंब घेतलेल्या बाळाचे लंगोट काही आठवडे रुग्णाने बदलू नयेत.

दात्याच्या पेशी घेतलेल्यांची शाळेत किंवा कामावर परत जाण्याची तारीख बहुतेक केंद्रे सहा महिने ते वर्ष यांदरम्यान ठरवतात. शाळेत पाठवताना मुख्याध्यापकांना लेखी कळवा, की वर्गात गोवर, कांजिण्या किंवा गालगुंड आढळले तर त्याच दिवशी फोन करावा. दोन वर्षांनी औषधे बंद झाली, लसी पूर्ण झाल्या, की बहुतेकांना साधे जगता येते, अगदी दूध कट्ट्यावरही जाता येते. दूध मात्र तेव्हाही तापवलेलेच घ्यावे. ज्यांची प्लीहा काढलेली आहे, थॅलेसेमियाच्या काही मुलांची ती काढलेली असते, त्यांना न्यूमोकोकससारख्या जंतूंचा धोका ट्रान्सप्लांट यशस्वी होऊनही कायम राहतो. त्यांच्यासाठी ताप आल्यावर तासाभरात रुग्णालय गाठण्याचा नियम आयुष्यभराचा आहे.